एक विकला, एक वीत : बालाघाटच्या पठारावरील दुर्बिणीची गोष्ट

१/
नळदुर्ग किल्ल्यातील उपळी बुरुजावर उभे राहिले की चहूकडे पठार पसरलेले दिसते. आता कल्पना करा : येथून पन्नास किलोमीटरवरील एखाद्या टेकडीवर एक खूण रोवली आहे आणि तिची दिशा आपल्याला एका विकलेपर्यंत अचूक सांगायची आहे. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. पन्नास किलोमीटरवर एक विकला म्हणजे जेमतेम २४ सेंटीमीटर, हाताची एक वीत! दोनशे वर्षांपूर्वी असा हिशेब मांडणारी माणसे या भागात आली होती. त्यांच्या हाती काय होते, त्याची ही कथा.

२/
या कथेचा आरंभ शेजारच्या बीदर परिसरात होतो. विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिणेतून उत्तरेकडे नेलेल्या मोजणीचा एक पायारेषाखंड १८१५ मध्ये बीदरजवळ दमरगिद्दा येथे मोजला गेला. पायारेषा म्हणजे जमिनीवर साखळीने प्रत्यक्ष मोजलेली एक सरळ रेषा. तिची लांबी कळली की पुढे फक्त कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे राहतात.

३/
या उत्तर-दक्षिण रेषेतून पश्चिमेकडे एक फांदी काढायची ठरली : बीदरहून थेट मुंबईपर्यंत. हीच ‘बॉम्बे लाँगिट्यूडिनल सिरीज’. १८२२ मध्ये ते काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. नकाशावर बीदर आणि मुंबई जोडून पाहा. रेषा आजच्या धाराशिव-सोलापूरच्या पट्ट्यावरून जाते. त्या वेळी धाराशिव निजामाच्या राज्यात होते आणि पुण्यातील पेशवाई संपून चार वर्षे झाली होती. नव्या सत्तेला आपल्या हाती आलेली भूमी केवढी आणि कोठे आहे, हे कळणे अगत्याचे वाटत होते.

४/
कोन मोजण्याचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्बटन यांचे मोठे थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरी यांनी घडवले होते. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच आणि वजन सुमारे अर्धा टन. हिंदुस्थानात येताना ते फ्रेंचांच्या हाती पडले, मॉरिशसला गेले आणि फ्रेंचांनी ते सौजन्याने परत पाठवले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळले. वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी स्वतःला सुमारे सहा आठवडे तंबूत कोंडून घेतले आणि ते पुन्हा गोल केले.

५/
वाकलेले वर्तुळ डोळ्यांना दिसते. भिंगातला दोष मात्र सहजी दिसत नाही. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाशी असलेले मोठे भिंग वरवर पाहता एकच वाटते, प्रत्यक्षात ती दोन भिंगांची जोडी असते. एकट्या भिंगाने पांढरा प्रकाश रंगांत फुटतो. निळ्या किरणांची नाभी जवळ पडते, तांबड्यांची लांब. परिणामी दूरच्या खुणेला रंगीत झालर येते. झालरीची कड नेमकी कोठे धरायची? तेथेच विकला हातची निसटते.

६/
यावरचा उपाय १७३० च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या इंग्रज गृहस्थाला सुचला. क्राउन काचेचे बहिर्वक्र भिंग आणि शिसेयुक्त फ्लिंट काचेचे अंतर्वक्र भिंग एकमेकांस लावले, तर एकाचा रंगदोष दुसरे पुसून टाकते. गुपित राखण्यासाठी हॉल यांनी दोन भिंगे दोन वेगळ्या कारागिरांकडे सोपवली. गंमत अशी की, दोघांनीही ते काम जॉर्ज बास नावाच्या एकाच कारागिराकडे धाडले! पुढे १७५८ मध्ये जॉन डॉलंड यांनी या रचनेचे पेटंट घेतले. त्यानंतर अशा दुर्बिणी सर्वत्र पसरल्या.

७/
जोडी ठरली, पण जुळवायची कशी? प्रत्येक भिंगाला दोन वक्र पृष्ठे आणि प्रत्येक पृष्ठाला एक केंद्र. ही सारी केंद्रे एकाच सरळ रेषेवर, म्हणजे प्रकाशीय अक्षावर, यावी लागतात. जुनी युक्ती साधी होती. भिंग फिरत्या नळीच्या तोंडाशी लाखेने चिकटवायचे, समोर मेणबत्ती ठेवायची, नळी फिरवायची आणि काचेतील ज्योतीचे प्रतिबिंब न्याहाळायचे. प्रतिबिंब डोलले तर भिंग तिरपे बसले आहे. लाख ऊबदार असतानाच ते हलके सरकवायचे. ज्योत निश्चल झाली की भिंगाची कड घासून गोल करायची. कारागिराचा डोळा हेच मापनयंत्र!

८/
यानंतर सांधणे. मोठ्या भिंगांत बहुधा दोन काचांच्या मध्ये कडेला कथलाच्या पत्र्याचे तीन बारीक तुकडे ठेवून किंचित फट राखत. लहान भिंगांसाठी एकोणिसाव्या शतकात कॅनडा बाल्सम हा राळेसारखा पदार्थ रूढ झाला. तो काचेइतकाच पारदर्शक असतो आणि त्याचा अपवर्तनांक क्राउन काचेच्या जवळपास असतो, त्यामुळे दोन काचांमधल्या सीमेवर प्रकाश फारसा परावर्तित होत नाही. काचा गरम करायच्या, थेंब सोडायचा, हवेचा बुडबुडा कडेला ढकलत दाबायचे आणि सावकाश निवू द्यायचे. घाई केली तर काचेत ताण राहतो.

९/
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय बिघडते? साधे गणित करू. नाभीय अंतर ९०० मिलिमीटर असलेल्या दुर्बिणीत पुढचे भिंग आडव्या दिशेने ०.०१ मिलिमीटर सरकले, तर दृष्टिरेषा सुमारे २.३ विकला ढळते. पन्नास किलोमीटरवर ही चूक अर्ध्या मीटरहून अधिक होते. पुढचा त्रिकोण त्या चुकीवर उभा राहतो, त्याच्या पुढचा त्यावर. नळीतील केसाहून बारीक सैलपणा मुंबईपर्यंत प्रवास करतो.

१०/
मोजणीदारांना हे ठाऊक होते. दुर्बिणीच्या नाभीपाशी कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ताणलेले असत. त्यांच्या छेदबिंदूवर खूण आणायची. मग दुर्बीण उलटवून यंत्र अर्धा फेरा फिरवायचे आणि तीच खूण पुन्हा धरायची. दोन वाचनांची सरासरी काढली की दृष्टिरेषेचा कायमचा तिरपेपणा आपोआप छाटला जातो. येथे ‘कायमचा’ हा शब्द लक्षात ठेवा. दोष स्थिर असेल तर गणित त्याला आवरते. सकाळी एक आणि दुपारच्या उन्हात दुसरा असा दोष असेल, तर सरासरीही हात टेकते. म्हणून भिंग परिपूर्ण असण्यापेक्षा ते जागचे न हलणे अधिक मोलाचे.

११/
दख्खनच्या उन्हात हे सोपे नव्हते. पितळ काचेपेक्षा अधिक प्रसरण पावते. पितळी कडे घट्ट असेल तर थंडीत काच आवळली जाते आणि सैल असेल तर उन्हात भिंग खुळखुळते. शिवाय यंत्र माणसांच्या खांद्यांवरून डोंगर चढणार. या यंत्रांची निगा राखणाऱ्यांत एक नाव आवर्जून सांगण्यासारखे आहे : आर्कोटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन. एव्हरेस्ट यांनी त्यांचे कसब हेरले. हेन्री बॅरो या इंग्रज उपकरणकारानंतर ते अधिकृत उपकरणकार झाले. शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. ज्यांच्या बोटांनी यंत्रे खरी राखली, ते पाठ्यपुस्तकात आले नाहीत.

१२/
आणि गावकरी? थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून प्रतिमा उलटी दिसते. मोजणीच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नाही. परंतु टेकडीवर बसून गावाकडे नळी रोखणारे परके लोक घरातल्या बायका पाहतात, त्याही उलट्या, अशी कुजबुज देशात अनेक ठिकाणी झाली. तिला अडाणीपणा म्हणून हसण्यापूर्वी थांबा. उंचावरून कोणी आपल्याकडे पाहत आहे आणि त्याने काय टिपले ते आपल्याला कळत नाही, ही अस्वस्थता खोटी नव्हती. मोजणीमागून महसूल येतो, हे रयतेला पुरते माहीत होते.

१३/
पश्चिमेची साखळी सरळ पुरी झाली नाही. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले आणि एव्हरेस्ट यांना मुख्य रेषेकडे वळावे लागले. पुढे १८२८ पासून रॉबर्ट शॉर्टरीड यांनी हे काम हाती घेतले. त्याच्या अचूकतेवर एव्हरेस्ट समाधानी नव्हते. अखेर साखळीचे फेरमापन झाले. १८४१ मध्ये बीदरची पायारेषाही अँड्र्यू वॉ यांनी नव्या साधनांनी पुन्हा मोजली. आपलेच माप पुन्हा तपासण्याची ही तयारी मला त्या साऱ्या खटाटोपातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट वाटते.

१४/
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबासह धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. नळदुर्गला फिलिप मेडोज टेलर अधिकारी म्हणून आले. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारे तेच हे टेलर. त्यांची ‘तारा’ ही १८६३ ची कादंबरी तुळजापुरात उघडते. नळदुर्गच्या कारकिर्दीत त्यांनी जमिनीच्या मोजणीचेही काम काढले. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. राज्ये बदलली, पण एकदा खरे ठरलेले कोन कोणत्याही तहाने बदलले नाहीत.

१५/
आता हा थ्रेड ज्या फोनवर वाचत आहात, तो उलटा करून पाहा. कॅमेऱ्याच्या त्या टिकलीएवढ्या काचेमागे अनेक नाजूक भिंगे एकामागे एक रचलेली आहेत. चांगल्या जुळणीत यंत्र चालू कॅमेऱ्याची प्रतिमा पाहत भिंगसंच सूक्ष्म अंतराने हलवते, प्रतिमा सर्वांत स्पष्ट झाली की थांबते आणि अतिनील प्रकाशाने गोंद क्षणात घट्ट होतो. मेणबत्तीच्या जागी प्रकाशसंवेदक आला, बाल्समच्या जागी कृत्रिम गोंद. क्रम तोच राहिला : केंद्रे जुळवा, तपासा, सांधा आणि पुन्हा तपासा.

१६/
पुढच्या वेळी नळदुर्गला गेलात तर उपळी बुरुजावरून फोटो अवश्य काढा. फक्त काढण्यापूर्वी हाताची वीत पसरून एकदा पाहा. पन्नास किलोमीटरवरची तेवढी चूकही सलणारी माणसे या पठारावरून रेषा ओढू पाहत होती. त्यांची सत्ता गेली, ते योग्यच झाले. त्यांचा काटेकोरपणा मात्र आपण ठेवून घ्यायला हरकत नाही.