सोलर पॅनल गच्चीवरून उतरवताय? परत चढवण्याआधी हे ठरवून घ्या

सुरत : गुजरातमध्ये २०१९ साली 'सूर्य गुजरात' योजना आली आणि सुरतेतल्या घरांवर सोलर पॅनल दिसू लागले. तेव्हा ३ किलोवॅटपर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे १० किलोवॅटपर्यंत २० टक्के सबसिडी होती. सुरुवातीला बसवलेल्या त्या यंत्रणांची ५ वर्षांची देखभाल आता संपली आहे. त्यातच कुणाची गच्ची गळते, कुणाला वरचा मजला चढवायचा असतो, तर कुणी घर विकून नंदुरबार-धुळ्याकडे परत निघतो. कारण कोणतंही असो, पॅनल उतरवावे लागतात.

मग घरात विषय निघतो, 'उतरवलेच आहेत, तर दोन-चार वाढवून टाकू.' विचार चुकीचा नाही. मजुरी, क्रेन, वायरिंग हा खर्च होणारच असतो. पण क्षमता, इन्व्हर्टर आणि कागद हे तिन्ही पॅनल खाली येण्याआधी ठरले नाहीत, तर नव्या पॅनलचे पैसे जातात आणि लाइटबिल मात्र फारसं कमी होत नाही.

बदलायचे की वाढवायचे?

पाच-सहा वर्षांपूर्वी बहुतेक घरांवर ३३० वॅटच्या आसपासचे पॉलिक्रिस्टलाइन पॅनल बसले. आज बाजारात ५४० वॅट आणि त्यापुढचे मोनो पॅनल मिळतात. आकडा मोठा दिसतो, पण पॅनलही मोठं आहे. जुनं साधारण १.९४ चौरस मीटरचं, नवं सुमारे २.५८ चौरस मीटरचं. म्हणजे तेवढ्याच जागेत वीज वाढते ती २०-२५ टक्के.

उदाहरण घ्या. ३३० वॅटचे १० पॅनल म्हणजे ३.३ किलोवॅट. त्याच जागेत ५४० वॅटचे ७ बसतील, म्हणजे ३.७८ किलोवॅट. अर्ध्या किलोवॅटसाठी दहा चांगले पॅनल भंगारात काढणं परवडत नाही. पॅनलची उत्पादन हमी साधारण २५ वर्षांची असते आणि त्या अखेरीसही ८० टक्के क्षमता राहणं अपेक्षित असतं. त्यामुळे गच्चीवर जागा असेल तर जुने ठेवून नवे वाढवावेत. जागाच नसेल किंवा जुन्यांची काच फुटली असेल, तरच बदलावेत.

जुने-नवे एका माळेत नकोत

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पॅनल एकापुढे एक जोडून जी माळ तयार होते, तिला कारागीर 'स्ट्रिंग' म्हणतात. या माळेतून सगळीकडे सारखाच करंट वाहतो. जुनं ३३० वॅटचं पॅनल ९ अँपिअरच्या आसपास करंट देतं, नवं ५४० वॅटचं सुमारे १३. दोन्ही एकाच माळेत घातले तर नव्यालाही जुन्याच्या चालीनं चालावं लागतं आणि त्याची जवळपास एक तृतीयांश ताकद वाया जाते.

उपाय दोन आहेत. एक, दोन स्वतंत्र एमपीपीटी इनपुट असलेला इन्व्हर्टर घ्यायचा आणि जुनी माळ एकावर, नवी दुसऱ्यावर जोडायची. दोन, जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून नव्या पॅनलना वेगळा छोटा इन्व्हर्टर द्यायचा. जुन्या इन्व्हर्टरची वॉरंटी संपली असेल तर पहिला मार्ग सोयीचा. नवे पॅनल जुन्या इन्व्हर्टरला जोडायचे म्हणत असतील, तर त्याच्या डेटाशीटवर 'कमाल इनपुट करंट' किती आहे ते बघावं. बऱ्याच जुन्या मॉडेलला १३ अँपिअर झेपत नाही.

इन्व्हर्टरची जागाही याच वेळी बदलून घ्यावी. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात सुरतेतले तळमजले पाण्यात गेले होते. सखल भागातल्या घरांनी इन्व्हर्टर जिन्याखाली न लावता वरच्या मजल्यावर, सावलीत आणि हवेशीर भिंतीवर लावावा.

उतरवताना

आधी एसी स्विच, मग इन्व्हर्टर, मग डीसी आयसोलेटर बंद करायचा. चालू लोडवर पॅनलचे कनेक्टर ओढायचे नाहीत. दहा पॅनलच्या माळेत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि उजेड आहे तोवर पॅनल 'बंद' होतच नाही. हे काम घरच्या वायरमनचं नाही.

खाली आणलेले पॅनल काचेवर आडवे न रचता कडेवर उभे ठेवावेत. केबलला धरून उचलू नयेत, वर पाय देऊ नये. डोळ्यांना न दिसणारे तडे असेच पडतात आणि पुढे वीज कमी होते. उतरवण्याआधी प्रत्येक पॅनलच्या सीरियल नंबरचा फोटो काढावा, उतरवल्यावर प्रत्येकाचा व्होल्टेज मोजून लिहून घ्यावा. परत चढवल्यावर तोच आकडा ताडून पाहता येतो.

गच्चीचं काम आधी

सांगाड्याचे पाय ज्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे राहतात, ते ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्यावेत. नवी चायना मोझेक झाल्यावर त्यात बोल्टसाठी भोकं पाडली, तर गळती परत सुरू होते. नवे पॅनल लांबीला सुमारे २.२८ मीटर असतात. जुन्या सांगाड्याच्या पट्ट्या आणि क्लॅम्प त्यांना जुळतीलच असं नाही, वाऱ्याचा जोरही जास्त बसतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड सांगाडाच टिकतो. काम दिवाळीनंतर काढावं. पाऊस नसतो आणि उन्हाळ्यातला भरघोस उत्पादनाचा काळही वाया जात नाही.

कागद कोणते?

सुरतेत काही भागाला टोरंट पॉवरची वीज आहे, काही भागाला डीजीव्हीसीएलची. बिलावर नाव बघून त्याच कंपनीकडे जायचं. नेट मीटरचा करार ठरावीक किलोवॅटचा असतो. न कळवता पॅनल वाढवले तर तो करारभंग होतो. केंद्राने २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही. मंजूर भार कमी पडला तर तो वाढवून देण्याचं काम वीज कंपनीचं. हा नियम गुजरात-महाराष्ट्र दोन्हीकडे लागू आहे.

सध्याच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये सबसिडी आहे. ती नव्या, देशात बनलेल्या सेल आणि पॅनलनाच मिळते. जुने पॅनल हलवण्याला नाही. आधी सबसिडी घेतली असेल तर वाढीव क्षमतेला काय मिळेल, हे ऑर्डर देण्याआधी वीज कंपनीकडून लेखी घ्यावं.

किती वाढवावं?

सुरतेत एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,४०० ते १,५०० युनिट मिळतात. गुजरातच्या २०२१ च्या सौर धोरणात घरगुती ग्राहकाच्या शिल्लक युनिटला २ रुपये २५ पैसे दर होता. म्हणजे वापरलेलं युनिट जेवढं वाचवतं, त्याच्या कितीतरी कमी पैसे विकलेल्या युनिटचे मिळतात. म्हणून मागच्या बारा महिन्यांचे युनिट जोडून त्याला १,४०० ने भागावं. येईल तो आकडा आपल्या घराचा किलोवॅट. नवा एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर त्याचे युनिट त्यात धरावेत.

पॅनल गावी न्यायचे तर?

पॅनल मालकीचे आहेत, नेता येतात. नेट मीटर आणि करार मात्र त्या वीज जोडणीचे असतात, ते सोबत येत नाहीत. महाराष्ट्रात महावितरणकडे नव्यानं अर्ज करावा लागतो. त्यासाठी मूळ बिल, सीरियल नंबर आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवावं. आणि पॅनल हलवल्यावर वॉरंटी राहते का, हे कंपनीला विचारूनच ट्रक ठरवावा.

कोटेशनमध्ये काय हवं?

उतरवणं, साठवणं, परत चढवणं, नवा माल आणि कागदपत्रं यांचे दर वेगवेगळे मागावेत. वाहतुकीत पॅनल फुटलं तर भरपाई कोणाची, हेही लिहून घ्यावं. सोलर पॅनलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये मालावर जुनाच दर लावलेला नाही ना, एवढं तपासूनच सही करावी.