काळ्या मातीपासून लोणारच्या विवरापर्यंत

मानवतची ओळख कापसाची बाजारपेठ म्हणून आहे. हा कापूस ज्या काळ्या जमिनीत पिकतो, ती मुख्यतः झिजलेल्या बसाल्ट खडकापासून तयार झाली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठावरील भेगांतून लाव्हारसाचे थरांवर थर पसरत गेले आणि दख्खनचे पठार आकारास आले. गोदावरीच्या खोऱ्यात या खडकावर मातीचे आवरण असल्याने तो सहसा विहीर खोदतानाच दृष्टीस पडतो. तो उघड्यावर पाहायचा, तर दुधना व पूर्णा ओलांडून उत्तरेकडे जावे लागते. मानवतच्या जवळजवळ थेट उत्तरेला, हवाई अंतराने सुमारे ७५ किलोमीटरवर, बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर आहे.

‘सगळीकडे काळाच दगड, त्यात पाहायचे काय?’ असा समज आढळतो. तो बरोबर नाही. लाव्हाच्या एकाच थराचा मधला भाग घट्ट, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. या पोकळ्यांत पुढे गारगोटी व झिओलाइटचे स्फटिक साचतात. दोन थरांमधील तांबूस मातकट पट्टा दोन उद्रेकांमध्ये गेलेल्या काळाची साक्ष देतो. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जाणारे गोलाकार दगड, त्यांचा मुरूम आणि शेवटी माती, हा क्रम एखाद्या साध्या दरडीतही दिसू शकतो.

लोणारला मात्र या थरांची मांडणीच उलथली आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १५० मीटर. एरवी आडवे असणारे थर काठाजवळ उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. हे विवर ज्वालामुखीचे, असे दीर्घकाळ मानले जाई. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रचंड दाबाने काचेत रूपांतरित झालेल्या फेल्डस्पारचा, म्हणजे मॅस्केलिनाइटचा, पुरावा पुढे आला आणि उल्काघाताचे मत दृढ झाले. चंद्र व मंगळावरील विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना बसाल्टमधील हे विवर म्हणूनच मोलाचे वाटते. वयाबाबत मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आर्गॉन कालमापनाने सुमारे ५ लाख ७० हजार. हा फरक किरकोळ नव्हे.

पर्यटकांचे लक्ष साहजिकच खाऱ्या पाण्याकडे जाते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. सरोवराच्या जतनाचा प्रश्न २००९ पासून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे तो काठाबाहेरचा परिसर. आघाताच्या वेळी उडालेला मलबा काठापासून एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरला आहे. अनोळखी डोळ्याला तो साधा मुरूमच वाटतो. नांगरट, रस्ते व बांधकामे यांत तो एकदा मिसळला, की त्यातील थरांचा क्रम पुन्हा लावता येत नाही. काचेचे बारीक कणही याच मलब्यात सापडतात. तेव्हा सहलीच्या विद्यार्थ्यांनी ‘आठवण’ म्हणून खडे खिशात घालण्याऐवजी जागेवरच छायाचित्र घ्यावे, नोंद करावी आणि खडा होता तेथेच ठेवावा.