विमानांतील गर्जना आणि कानांपुरतें मौन

इ. स. १८४२ मध्यें निफाड येथें महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला, त्या वेळीं हिंदुस्थानांत आगगाडी धांवूं लागण्यास अद्यापि अकरा वर्षांचा अवकाश होता. पुढें या मुलखांतून लोहमार्ग गेला. आणि १९६४ सालीं याच तालुक्यांतील ओझर येथें विमानांचा कारखाना निघाल्यावर मिग जातीच्या लढाऊ विमानांची गर्जना द्राक्षांच्या मळ्यांत व कांद्याच्या चाळींत नित्याची झाली. त्यांचीं इंजिनें ओरिसांतील कोरापुटास तयार होत. परंतु विमान जुळून उभें राही आणि उडवून पारखलें जाई तें ओझरासच. त्या वसाहतीस ‘ओझर मिग’ हेंच नांव पडलें. मिग-२१ हीं विमानें २०२५ च्या सप्टेंबरांत हवाई दलांतून निवृत्त झालीं, नांव मात्र राहिलें आहे.

आज त्याच ओझराहून साधे उतारूही उड्डाण करतात. त्यांतील एखादा गृहस्थ कानांवर गुबगुबीत हेडफोन चढवून एक कळ दाबतो, आणि इंजिनाची घरघर जणूं दूर निघून जाते. ही किमया कशी साधली, याचा इतिहास मनोरंजक आहे.

आरंभींच्या प्रवासी विमानांत उतारूंस कानांत घालण्यासाठीं कापूस देत असत. शेजाऱ्याशीं बोलणें झाल्यास चिठ्ठी लिहावी लागे. हेडफोन तेव्हांही होते. नाथॅनिएल बाल्डविन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९१० सालीं अमेरिकेच्या आरमारास ते पुरविले होते. पण ते ऐकण्याचें साधन. न ऐकण्यासाठीं तेंच यंत्र उपयोगी पडेल, ही कल्पना कोणाच्या स्वप्नींही नव्हती.

ती प्रथम रीतसर मांडली जर्मनीच्या पाउल ल्यूग यानें. त्याच्या युक्तीस १९३६ सालीं अमेरिकेचें पेटंट मिळालें. विहिरीच्या स्थिर पाण्यांत दोन खडे टाकले असतां दोन तरंगमाला उठतात. जेथें एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो तेथें पाणी सपाट राहतें. ध्वनि हाही हवेंतील तरंगच. तेव्हां नको असलेल्या आवाजाच्या नेमका उलट आवाज त्याच क्षणीं निर्माण केला, तर दोहोंचा परस्परांनीं नाश व्हावा. कल्पना निर्दोष होती. परंतु ती राबविण्याइतकीं लहान व चपळ विद्युत्-साधनें त्या काळीं नव्हतीं. १९५० नंतर अमेरिकेंत ऑल्सन, फोगेल प्रभृतींनीं हा प्रश्न पुन्हां हातीं घेतला. फोगेलचें लक्ष विमानचालकाच्या खोलीवरच होतें. तथापि बाजारांत कांहीं आलें नाहीं.

यापुढील कथा एका बंगाली देशभक्ताच्या मुलाची आहे. ननीगोपाल बोस हे इंग्रज सरकारच्या रोषामुळें कलकत्ता सोडून अमेरिकेस गेले. त्यांचे चिरंजीव अमर बोस यांचा जन्म १९२९ चा. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशाळेंत त्यांनीं अनेक वर्षें अध्यापन केलें, आणि ओझरास कारखाना निघाला त्याच १९६४ सालीं स्वतःची ध्वनियंत्रांची कंपनी काढली. १९७८ सालीं ते झुरिचहून बोस्टनास परतत असतां विमानांत त्यांस संगीत ऐकण्यासाठीं हेडफोन देण्यांत आले. त्यांनीं ते मोठ्या उत्सुकतेनें कानांस लावले. पण इंजिनाच्या घोंगावण्यांत संगीत बुडून गेलें. दुसरा कोणी तक्रार करून झोपीं गेला असता. बोस यांनीं कागद काढून गणित मांडलें, आणि विमान उतरण्यापूर्वीं ही गोष्ट शक्य आहे अशी त्यांची खात्री पटली.

खात्री व वस्तु यांमध्यें मात्र अकरा वर्षें गेलीं. हेडफोनच्या वाटीच्या आंत एक इवलासा मायक्रोफोन बसवावयाचा. त्यानें कानाशीं पोंचलेली घरघर टिपावयाची. विद्युन्मंडलानें तिची उलटी प्रत तत्क्षणीं तयार करावयाची. आणि ती त्याच वाटींतील कर्ण्यानें वाजवावयाची. उशीर झाला तर घरघर कमी होण्याऐवजीं वाढावयाचीही! १९८६ च्या डिसेंबरांत डिक रुटन व जीना येगर या उभयतांनीं वाटेंत कोठेंही न थांबतां, इंधनही न घेतां, ‘व्हॉयेजर’ विमानांतून नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. अरुंद जागेंत, इंजिनांच्या सान्निध्यांत नऊ दिवस काढणें म्हणजे श्रवणशक्ति पणास लावणेंच होतें. कारण आंतल्या कानांतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. त्यांच्या कानांवर बोस यांचे नमुन्याचे हेडफोन होते. वैमानिकांसाठीं ते १९८९ पासून विकावयास आले, आणि सामान्य उतारूंच्या हातीं २००० सालीं पडले.

पुष्कळांची तक्रार असते कीं, इंजिन गप्प होतें, पण शेजारचें मूल रडतें तें ऐकूं येतेंच. त्यास कारण आहे. सेकंदास शंभर कंपनांच्या जाड घरघरीचा तरंग सुमारें साडेतीन मीटर लांब असतो. त्यास जुळता उलटा तरंग उभा करणें सोपें. हजार कंपनांचा तरंग हातभरही नसतो, आणि मुलाच्या किंकाळींतील तीक्ष्ण स्वर त्याहूनही आंखूड. तेथें नेम चुकतो. ते स्वर अडविण्याचें काम वाटीच्या गादीकडेच राहतें. एका परीनें हें बरेंच म्हणावयाचें. हवाईसुंदरीची धोक्याची सूचना अगदींच हरवत नाहीं. तरी उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं कान मोकळे ठेवणें शहाणपणाचें.

हें मौन कानाएवढ्या जागेपुरतेंच निर्माण करतां येतें. उघड्या रानांत आवाज चोहोंकडून येतो, प्रत्येक कानास निराळा पोंचतो. २०२५ च्या ऑक्टोबरांत ओझरच्या कारखान्यांतून तेजस मार्क १ए विमान प्रथम आकाशांत गेलें, तेव्हां त्याचा आवाज आसपासच्या शिवारांत होता तसाच पोंचला.