ज्वालाग्राही द्रव, इशाऱ्याची पाटी आणि घाटमार्ग

कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे गाव सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसलेले आहे. देवगड बंदराकडून येणारा आणि मुंबई–गोवा महामार्गास छेदून पूर्वेकडे वळणारा रस्ता येथून घाट चढू लागतो व दाजीपूर, राधानगरी असा निपाणीकडे जातो. घाटावरचा गूळ, तंबाखू व धान्य खाली उतरावे आणि किनाऱ्यावरचे मीठ, मासळी व नारळ वर चढावेत, हा येथील व्यवहाराचा जुना क्रम. बैलगाडीच्या त्या काळात गाडीत काय भरले आहे हे रस्त्यावरच्या माणसास निराळे सांगावे लागत नसे. गुळाच्या ढेपेस पाटीची आवश्यकता नव्हती. आज त्याच वळणांवरून जाणाऱ्या बंद टाकीच्या वाहनात दूध आहे, खाद्यतेल आहे की क्षणार्धात पेट घेणारे एखादे रसायन आहे, हे बाहेरून पाहणाऱ्यास केवळ पाटीवरूनच कळू शकते. ही पाटी कोठून आली आणि ती कोणासाठी लिहिली गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोकणाच्या घराघरात शिरलेला पहिला ज्वालाग्राही औद्योगिक द्रव म्हणजे घासलेट होय. मराठीत त्यास मिळालेली दोन्ही नावे परकीय मालाची ओळख सांगतात. ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’ झाले आणि ‘रॉक ऑइल’चे ‘रॉकेल’. हे तेल प्रथम चार गॅलनांच्या पत्र्याच्या डब्यांतून आले. रिकामा डबा पुढे पाणी भरण्यास, धान्य साठविण्यास, पाखाडीला पत्रा ठोकण्यास उपयोगी पडला. किंबहुना काही घरांत तेलापेक्षा डब्याचेच आयुष्य अधिक ठरले. १८९२ साली ‘म्युरेक्स’ ही तेलवाहू बोट सुवेझ कालव्यातून पूर्वेकडे आली आणि डब्याऐवजी टाकीतून तेल वाहण्याचे नवे युग सुरू झाले. तरीही अंतर्भागातील खेड्यास तेल दीर्घकाळ डब्यातच भेटत राहिले.

या तेलाच्या धोक्याची जाणीव सरकारास लौकरच झाली. १८८१, १८८६, १८९९ आणि १९३४ असे पेट्रोलियमविषयक अधिनियम हिंदुस्थानात एकामागून एक करण्यात आले. त्यांच्या मुळाशी असलेली शास्त्रीय कल्पना सर फ्रेडरिक एबल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सिद्ध केलेल्या उपकरणाशी निगडित आहे. बंद पात्रातील तेल हळूहळू तापवीत न्यावे व लहानशी ज्योत दाखविली असता त्याची वाफ कोणत्या उष्णतामानास प्रथम भडकते हे पाहावे, अशी ही चाचणी. त्या उष्णतामानास आपण ज्वलनांक म्हणू. १९३४च्या अधिनियमाने ७६ अंश फॅरनहाइटच्या खाली ज्वलनांक असलेल्या तेलास ‘धोकादायक’ ठरविले.

हा आकडा क्षणभर डोळ्यांसमोर ठेवावा. ७६ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे २४.४ अंश सेल्सिअस. थंड प्रदेशात ही मर्यादा उन्हाळ्यातील उबदार दिवसाची असेल. कोकणात मात्र ती वर्षाच्या बहुतेक दिवसांत सकाळीच ओलांडली जाते. म्हणजे कायद्याने जो द्रव धोकादायक म्हटला तो आपल्याकडे उघड्यावर सांडताच, कोणी न तापविताही, पेट घेण्यास सिद्ध असतो. पुढे १९७०च्या दुरुस्तीने ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे तीन वर्ग पाडण्यात आले व ‘अ’ वर्गाची मर्यादा २३ अंश सेल्सिअस झाली. तत्त्व तेच राहिले.

इतिहासाच्या अभ्यासकास या अधिनियमाचे सहावे कलम अधिक महत्त्वाचे वाटावे. धोकादायक तेलाच्या प्रत्येक पात्रावर ‘पेट्रोल’ किंवा ‘मोटर स्पिरिट’ हे शब्द, अथवा धोक्याची तितकीच स्पष्ट सूचना, ठळक अक्षरांत असली पाहिजे, असे हे कलम सांगते. धोका केवळ परवान्याच्या कागदावर नोंदवून भागत नाही, तो वस्तूच्या अंगावर लिहिला पाहिजे, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले. मात्र ‘ठळक’ म्हणजे कोणाच्या डोळ्यांस ठळक, हा प्रश्न त्या कलमास पडलेला दिसत नाही. अधिनियमाचा सारा रोख आयात, साठा आणि परवाना यांकडे, म्हणजे बंदर आणि गोदाम यांकडे होता.

वस्तूच्या अंगावर इशारा नसल्यास काय होते, याचे भीषण उत्तर १९४४ साली मुंबई बंदरातच मिळाले. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत आले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीस त्यात कापसाच्या गासड्या व वंगणाच्या तेलाची पिंपे भरण्यात आली होती. कापूस, तेल आणि स्फोटके एका जहाजात एकत्र भरणे हे नियमांच्या दृष्टीने अक्षम्य होते. युद्धकाळाच्या निकडीने ते चालवून घेण्यात आले. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावावयाचे लाल निशाण त्यावर नव्हते. १४ तारखेस दुपारी धूर दिसला. पुढील सुमारे दोन तासांत जहाज आहे त्या जागी बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, यावर अनेक अधिकाऱ्यांची अनेक मते झाली, पण निर्णायक आज्ञा कोणी दिली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुसरा. जहाजाच्या जवळ राहून पाणी मारणाऱ्यांपैकी अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्यू पावले. १४ एप्रिलपासून देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

या दुर्घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात सोन्याच्या विटांच्या कथेस वाजवीपेक्षा अधिक जागा मिळालेली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील दोन गोष्टी पुरेशा आहेत. निशाण नव्हते, त्यामुळे भोवतालच्या जहाजांस व गोदीतील माणसांस आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे कळले नाही. आणि ज्यांस ते कळले होते त्यांच्यापैकी अंतिम आज्ञा कोणी द्यावयाची हे ठरलेले नव्हते. अज्ञान आणि अनिर्णय ही जोडी पुढील प्रत्येक अपघातात भेटते.

स्वातंत्र्यानंतर तेलाखेरीज इतर रसायनांचा प्रश्न पुढे आला. १९३४च्या अधिनियमातील ‘पेट्रोलियम’ ही संज्ञा हायड्रोकार्बन द्रवांपुरती मर्यादित होती. मद्यार्क किंवा मिथेनॉल ही हायड्रोकार्बने नव्हेत. सबब ती त्या व्याख्येबाहेर राहत. ही उणीव १९५२च्या ज्वालाग्राही पदार्थ अधिनियमाने भरून काढली. त्याची यादी लहान पण मोठी उद्बोधक आहे. ॲसिटोन, कॅल्शियम फॉस्फाइड, कॅल्शियम कार्बाइड, नायट्रोसेल्युलोजच्या चित्रफिती, इथिल अल्कोहोल, मिथिल अल्कोहोल आणि वुड नॅफ्था. चित्रपटगृह, औषधनिर्मिती व दिवाबत्ती यांचे जग या सात नावांत एकत्र आलेले दिसते. यांपैकी कार्बाइड देवगडच्या आंबाव्यापाऱ्यांस चांगलेच परिचयाचे. फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर आता कायद्याने निषिद्ध आहे. पण यादीतील सर्व पदार्थांस एकच उपाय चालेल असे मानणे घातक ठरेल. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो. मिथेनॉल मात्र पाण्यात पूर्णपणे मिसळते व पाण्याने सौम्य होते. एकाच यादीत शेजारी बसलेल्या या दोन पदार्थांपैकी एकाचे पाणी हे शस्त्र आहे व दुसऱ्याचे इंधन. नाव कळल्यावाचून बादली उचलू नये ती याचसाठी.

मिथेनॉलचा थोडा अधिक परिचय करून देणे अवश्य आहे. रंग, औषधे, राळ, फॉर्मॅल्डिहाइड अशा अनेक उद्योगांस लागणारा हा स्वच्छ, पाण्यासारखा दिसणारा द्रव. त्याचा ज्वलनांक सुमारे ११ अंश सेल्सिअस, म्हणजे दाजीपूरच्या थंडीतल्या दिवसासही तो पेटण्याजोगाच असतो. हवेत त्याच्या वाफेचे प्रमाण ६ पासून सुमारे ३६ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी ती पेटू शकते. पेट्रोलच्या वाफेची ही कक्षा याहून पुष्कळच अरुंद असते. त्याची ज्वाला फिकट निळी असून भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. माणूस आगीत पाऊल टाकतो तेव्हाच त्यास आग कळते. आणि तो विषारी आहे. थोडासा पोटात गेला तरी दृष्टी जाते व पुढे प्राणही जातो. २०१५च्या जून महिन्यात मुंबईत मालाडजवळच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली, ती दारू मिथेनॉलमिश्रित होती. रस्त्यावर सांडलेला ‘स्पिरिट’सारख्या वासाचा द्रव भांड्यात भरून नेण्याचा मोह किती महाग पडेल, हे यावरून ताडता येईल.

पाटीचा आधुनिक इतिहास १९८४च्या भोपाळ दुर्घटनेनंतरचा आहे. १९८६चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, घातक रसायनांविषयीचे १९८९चे नियम आणि रासायनिक अपघातांसंबंधीचे १९९६चे नियम ही त्याची फळे. रस्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले ते १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम. त्यांतील १३४व्या नियमान्वये धोकादायक माल वाहणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक लावावा लागतो. मालाचे अचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीचा क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंच अंकांत, धोक्याचे चौकोनी चिन्ह आणि संकटसमयी कोणास दूरध्वनी करावा याचा क्रमांक, असे त्याचे स्वरूप आहे. नवव्या नियमान्वये अशा वाहनाच्या चालकास एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे व त्याचे प्रशिक्षण झालेले असले पाहिजे.

नियम विचारपूर्वक केलेला आहे यात शंका नाही. पण त्याने चालकास साक्षर केले. रस्त्यास केले नाही. गाडी उलटल्यावर चालक जखमी वा मृत असण्याचाच संभव अधिक. अशा वेळी फलक वाचावयाचा तो प्रथम पोहोचणाऱ्याने, आणि घाटात प्रथम पोहोचणारा म्हणजे मागून येणारा एस.टी.चा चालक, गुराखी किंवा पायथ्याचा दुकानदार. त्याच्यासमोर ‘मिथेनॉल’ हे नाव इंग्रजी लिपीत व १२३० हा अंक असतो. तो अंक अग्निशमन अधिकाऱ्यास सर्व काही सांगतो, त्यास काहीच सांगत नाही. देवनागरीत ‘पेट घेणारे विष’ एवढे तीन शब्द जरी फलकावर असते, तरी पहिल्या पाच मिनिटांचे वर्तन पालटले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिल्या पाच मिनिटांवर एवढा भर देण्याचे कारण १३ जून २०२३च्या अपघातात सापडते. त्या दिवशी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळा-खंडाळ्याजवळ कुणे येथील पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. चौघे मरण पावले. त्यांपैकी सगळे टँकरमधील नव्हते. पेटता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडला आणि त्या रस्त्याने जाणारे, वरच्या अपघाताशी कसलाही संबंध नसलेले लोक त्यात सापडले. सपाट प्रदेशात सांडलेला द्रव थारोळे करतो. डोंगरात तो प्रवासास निघतो. वरच्या वळणावर सांडलेले रसायन गटारातून, मोरीतून खालच्या वळणावर येते, आणि तेथे थांबलेल्या वाहनांच्या रांगेस वर काय घडले याची वार्ताही नसते.

म्हणून फोंड्यासारख्या घाटात वाहतूक केवळ वर रोखून भागत नाही; खालची वळणे आधी रिकामी करावी लागतात. अमेरिका व कॅनडा येथील अग्निशामकांच्या मार्गदर्शिकेत मिथेनॉल सांडल्यास सर्व बाजूंनी किमान ५० मीटर आणि टाकी आगीत सापडल्यास ८०० मीटर अंतर मोकळे ठेवण्यास सांगितले आहे. हे ८०० मीटर सरळ रेषेत मोजावयाचे आहेत. नागमोडी रस्त्याने दोन किलोमीटर दूर असलेली जागा प्रत्यक्षात टँकरच्या बरोबर खाली, दगड टाकला तर पोहोचेल इतकी जवळ असू शकते. जवळ जावयाचेच तर चढाच्या बाजूने आणि वाऱ्याकडे पाठ करून जावे; इंजिने बंद, विडीकाडी बंद. आग लागली नसल्यास माती वा वाळूचे बांध घालून मोऱ्या अडवाव्यात, म्हणजे द्रव ओढ्यात व विहिरीत जाणार नाही. पेटलेल्या मिथेनॉलवर साधा फेस टिकत नाही, मद्यार्कास दाद न देणारा विशेष फेस लागतो. पाण्याचा जोरकस झोत पेटता द्रव पसरवितो. बारीक फवारा मात्र टाकी थंड ठेवण्यास उपयोगी पडतो. हे काम प्रशिक्षित दलाचेच. गावकऱ्यांनी करावयाचे ते रस्ता रोखणे, माणसे हटविणे आणि फलकावरील नाव व अंक दूरध्वनीवर अचूक कळविणे.

माणसे हटविणे हे वाटते तितके सोपे नसते. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यातील अहमदपूर शर्किया येथे उलटलेल्या टँकरमधील पेट्रोल गोळा करण्यास जमलेल्या जमावात आग भडकली व दोनशेहून अधिक लोक जळून मेले. ते घागरी, डबे, बाटल्या घेऊन आले होते. रिकाम्या डब्याची ओढ काय असते हे कोकणास निराळे सांगावयास नको.

१९९६च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले. पण त्यांची रचना कारखान्यांच्या भोवती झाली आहे. खेड तालुक्यातील लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीस अशा गटाचा उपयोग आहे. जेथे कारखाना नाही, केवळ रस्ता आहे, तेथे धोका येतो आणि निघून जातो. नोंदवहीत त्याचे गाव लागत नाही. २२ सप्टेंबर २०२२ रोजी लांजा तालुक्यात अंजणारी पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि मुंबई–गोवा महामार्ग बराच काळ बंद ठेवावा लागला. असा महामार्ग बंद झाला, किंवा २०२४ साली करूळ घाट दुरुस्तीसाठी बंद होता तसा एखादा शेजारचा घाट बंद झाला, की अवजड वाहने उरलेल्या वाटा शोधतात. त्या दिवशी फोंड्याच्या बाजारपेठेतून काय जाते, हे त्या वाहनांच्या पाट्यांवर लिहिलेले असते. आणि बाजारातील बहुतेकांस ते वाचता येत नाही.