सेरेस : एका लघुग्रहाचे बारसे

माझे शिक्षण रात्रशाळेपुरते. पुढचे आयुष्य कामगारांचे हजेरीपट आणि पगारपत्रके पडताळण्यात गेले. अशा माणसाने आकाशावर काय बोलावे, असे कुणास वाटेल. पण पहिला लघुग्रह सापडला तोही एका यादीची पडताळणी करतानाच.

सिसिली बेटावर पालेर्मो येथे राजवाड्याच्या मनोऱ्यावर वेधशाळा होती. जुसेप्पे पियाझ्झी हा धर्मसंघातला पाद्री तिचा प्रमुख. तिचे मुख्य यंत्र म्हणजे पाच फूट व्यासाचे अंशांकित वर्तुळ. ते लंडनच्या जेसी रॅम्सडेनने १७८९ मध्ये पुरे केले. हा रॅम्सडेन खाणावळवाल्याचा मुलगा. तरुणपणी कापडाच्या धंद्यात उमेदवारी करून मग यंत्रे घडविण्याकडे वळलेला. ज्याने ते वर्तुळ घडविले त्याच्यावाचून पुढची कथा घडती ना.

पियाझ्झीचा नेम असा, की तारा एकदा पाहून भागत नाही. तो निरनिराळ्या रात्री पुन्हा पाहावयाचा. १ जानेवारी १८०१ च्या रात्री वृषभ राशीत त्याने एक अंधुक ठिपका नोंदला. दुसऱ्या रात्री पाहतो तो ठिपका जागचा हललेला! तारे असे हलत नाहीत. जाहीर करताना त्याने धूमकेतू म्हटले. मित्राला पत्रात मात्र लिहिले, की हे त्याहून अधिक काही असावे. ११ फेब्रुवारीपर्यंत वेध झाले. मग तो आजारी पडला आणि ठिपका सूर्याच्या तेजाआड गेला.

इतक्या तुटपुंज्या वेधांवरून तो पुन्हा सापडावा कसा? चोवीस वर्षांच्या गाउसने नवी गणितपद्धती योजून त्याचा ठाव सांगितला. ३१ डिसेंबर १८०१ रोजी फॉन त्साखला आणि दुसऱ्याच रात्री ओल्बर्सला तो त्या जागेपाशी सापडला.

आता बारसे. पियाझ्झीने नाव ठेविले ‘सेरेस फर्डिनांडेआ’. सेरेस ही रोमनांची धान्यदेवता, सिसिलीची पालक. फर्डिनांड हा तिथला राजा. ज्याचे मीठ खावे त्याचे नाव जोडणे आलेच. पण इतर देशांतील ज्योतिर्विदांनी राजा गाळला आणि धान्य ठेविले. राजाने सुवर्णपदक पाडावयाचे म्हटले, तेव्हा पियाझ्झीने विनविले, की त्या पैशात वेधशाळेला दुर्बीण घ्यावी. ही मागणी आम्हां कामगारांच्या ओळखीची आहे : सत्कार राहू द्या, हत्यार द्या.

सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. २००६ पासून तिची गणना बटुग्रहांत होते. २०१५ मध्ये ‘डॉन’ यान तिच्यापाशी पोहोचले. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान असे लाखो लघुग्रह आहेत. त्यांतल्या हजाराव्याला पियाझ्झीचे नाव मिळाले.

एका कारखान्याच्या हजेरीपटात एका बाईची चार महिन्यांची हजेरी गळलेली होती. पहिल्या वाचनात ती माझ्या नजरेतून सुटली. दुसऱ्या वाचनात सापडली आणि तिची मजुरी मिळाली. म्हणून सांगतो, कुणी सहीसाठी कागद पुढे केला, तर पियाझ्झीची दुसरी रात्र आठवा.