आधी वेळ, मग गोळी

सिंधुदुर्ग किल्ल्यालगतचे प्रवाळ पाहायला लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळहून मालवणला जाणाऱ्याला एक बजावणी हमखास ऐकू येते: घाटावरच्या माणसाला बोट लागणारच. या समजुतीला इतिहासाचा आधार मिळाल्यासारखा वाटतो खरा. १९४८ पर्यंत मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याला किनाराच नव्हता. इथल्या हाजींनाही जेद्द्याच्या बोटीसाठी मुंबई गाठावी लागे. पण बोट लागण्याचा संबंध मुलखाशी नाही, कानाशी आहे. आतल्या कानाला हेलकावे जाणवतात आणि डोळ्यांना समोरचा बाक स्थिर दिसतो. या विसंगतीने पोट ढवळते. आतला कान निकामी झालेल्या अनेकांना गरगरतच नाही, हे विल्यम जेम्सने १८८२ मध्येच दाखवले होते. मग कोळ्यांना का लागत नाही, असे कुणी विचारेल. तो सवयीचा गुण आहे, रक्ताचा नव्हे. आणि सवयही प्रत्येकाला पुरत नाही: ट्राफल्गरचा विजेता नेल्सन पोरवयात आरमारात गेला, तरी वादळी समुद्राचा त्रास त्याला अखेरपर्यंत होत राहिला.

खरा उपाय कोकणच्या जुन्या बोटींच्या वेळापत्रकात सापडतो. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या आगबोटी आगोट लागली की बंद होत आणि दर्या निवळल्यावर पुन्हा सुटत. हे मळमळीसाठी नव्हे, जिवाच्या भीतीने होई, हा आक्षेप रास्त आहे. पण शांत समुद्र निवडण्याचा फायदा पोटालाही मिळे. कित्येक बंदरांत आगबोट धक्क्याला न लागता खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरावे लागे. चालत्या बोटीपेक्षा नांगरलेली बोट जास्त डुलते. प्रवाळ दाखवणारी आजची डायव्हिंगची बोटही तशीच नांगरून उभी असते, आणि नेमके तेव्हाच पट्टे आवळायला, मुखवटा चढवायला मान खाली घालावी लागते. क्षितिज नजरेआड झाले की मळमळ सुरू होते.

आता गोळ्या आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? १९४७ मध्ये बाल्टिमोरच्या गे आणि कार्लायनर यांनी अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला औषध दिले, तर तिला ट्राम लागायचीही थांबली. तेच पुढे ड्रामामाइन म्हणून खपले. गोळीचा गुण नाकारता येत नाही, पण ती बोटीत चढण्याआधी घ्यावी लागते आणि गुंगी आणते. पाण्याखाली गुंगी धोक्याची, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आल्याचा उपयोग १९८८ मध्ये डॅनिश नौदलाच्या शिकाऊ खलाशांवरच्या चाचणीत दिसला, पुढच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. तेव्हा वारा चढण्याआधीची सकाळची फेरी, हलकी न्याहारी, बोटीच्या मधली जागा, उभ्यानेच तयारी आणि नजर क्षितिजावर, हा क्रम आधी, गोळीचा विचार त्यानंतर. हे सारे लातूरच्या माणसालाही तितकेच जमण्याजोगे आहे, कारण त्यासाठी किनाऱ्यावर जन्मावे लागत नाही.