एका खगोलशास्त्रज्ञाचा भागाकार

वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे आणि त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. दवाखान्यात सांगितला जाणारा हा अंक मुळात वैद्यकाचा नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी तो १८३०च्या दशकात मांडला. स्थूलतेशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांना ‘सरासरी मनुष्य’ कसा असतो हे शोधायचे होते. (पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे उंचीचा घन अपेक्षित असतो, परंतु उंच माणूस सर्व दिशांनी सारखा वाढलेला नसतो, म्हणून वर्गच अधिक जुळतो.) ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्याला अँसेल कीज यांनी १९७२ साली दिले.

विषाणूजन्य आजाराच्या तीव्रतेशी या अंकाचा संबंध ठळकपणे दिसला तो २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये. अतिदक्षता विभागांत स्थूल रुग्ण अपेक्षेपेक्षा अधिक आढळू लागले. २०२०मध्ये कोविडने तेच पुन्हा दाखवले. यातील एक कारण निव्वळ यांत्रिक आहे: पोटातील चरबी श्वासपटलाला वर रेटते आणि उताण्या रुग्णाच्या फुप्फुसांचा तळ नीट उघडत नाही. दुसरे कारण असे, की मेद हे केवळ कोठार नव्हे. त्यातून दाह वाढवणारी द्रव्येही स्रवतात.

मात्र चरबी किती आणि कोठे आहे, हे केटले यांचा भागाकार सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही निर्देशांक २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे इशाऱ्याचे टप्पे सुचवले.

१ मार्च २०२१ रोजी देशात ४५ ते ५९ वयाच्या व्याधिग्रस्तांचे लसीकरण सुरू झाले. त्यासाठीच्या २० व्याधींच्या यादीत हृदयविकार, कर्करोग, जुना मधुमेह होता. स्थूलतेची स्वतंत्र नोंद नव्हती. ब्रिटनने ४० व त्यापुढील निर्देशांकाला प्राधान्य दिले होते. ती रेषा आपण जशीच्या तशी उचलली असती, तरी सडपातळ हातापायांचे आणि सुटलेल्या पोटाचे असंख्य भारतीय तिच्या बाहेरच राहिले असते. त्यांच्यासाठी कंबरेचा घेर मोजावा लागला असता, आणि त्यासाठी लागणारी फीत गल्लीतल्या शिंप्याकडेही होती.